मध्यरेषेवर बसलेली कमलताई

कमलताई चढाईला निघाली की मध्यरेषेपाशी क्षणभर थांबायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "लय भेव वाटायलंय गं बाई!" मग छाती भरून श्वास घ्यायची आणि "कबड्डी, कबड्डी" करत पलीकडं घुसायची. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या हसलो. समोर सात जणी तुमच्या घोट्यांवर डोळे लावून उभ्या असताना भीती कुणाला वाटत नाही? पण तोंडानं कबूल कोण करतं! आम्ही मांडीवर थाप मारायचो, डोळे वटारायचो. समोरच्या कोपऱ्यातली मुलगीसुद्धा त्या दिवशी हसली आणि हसता हसता तिच्या खांद्याला कमलताईचा हात लागून गेला.

परभणीला जिंतूर रस्त्यावरच्या एका रिकाम्या वसतिगृहात आमचं निवड शिबिर होतं. महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये एक नवा संघ उतरणार होता. पकड करणाऱ्या मुली जवळजवळ ठरल्या होत्या, खरी मारामारी चढाईच्या जागांसाठी होती. आमचे सर बाहेरगावचे, कमी बोलणारे. संध्याकाळचा चहा चालू असताना ते मागून येत, कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवत आणि हळूच म्हणत, "बॅग भर, बेटा." बस्स. ती मुलगी कप तिथंच ठेवून उठायची. त्यामुळं चहाची वेळ जवळ आली की मी दाराकडं बघत राहायची. पाठीमागं चप्पल वाजली तरी मान आखडायची. मी भिंतीला पाठ लावून बसायला लागले, तर काही दिवसांत भिंतीकडची जागा धरायला सगळ्यांचीच घाई.

मी पिंगळीची. वडील कारकून, आई अंगणवाडीत. शिबिरातून परत आले की पाहुणे बघायला येणार, हे घरात ठरलेलं होतं. संघात नाव आलं तर पाहुणे थांबणार होते, खेळाच्या जोरावर पोलिसात नोकरीची आशा होती. मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

कमलताई येलदरीच्या धरणाकाठच्या एका गावची. तिशीला टेकलेली, काटक, हात गुडघ्यापर्यंत येतात की काय असे लांब. नवरा धरणात मासे धरायचा आणि लहान मुलगी सासूजवळ ठेवून ही आली होती. यात्रेतल्या सामन्यांत मातीवर खेळलेली, मॅटवर पहिल्यांदाच. तिची खाट माझ्या शेजारी होती. मी एकदा विचारलं, "ताई, भीती वाटते असं ओरडून कशाला सांगतेस? सरांच्या मनातून उतरशील."

"उतरू दे की," ती म्हणाली. "आमच्याकडं म्हणत्यात, पाण्याला भेणारा बुडत न्हाई, पाण्याला इसरणारा बुडतो. माझा मालक रोज नाव सोडताना पाण्याला म्हणतो, 'भेलो रे बाबा तुला.' मग जातो. लाज कशाची?"

दुसरी तिची सवय म्हणजे खोटं बोलायचं नाही, गोड तर बिलकूल नाही. आम्ही मुली एकमेकींना "तुझं नक्की होणार गं" असं म्हणत राहायचो आणि मनात उलटं मागायचो. कमलताई मला सरळ म्हणाली, "वर्षा, तू माझ्यापेक्षा चपळ हायस. तू गेलीस तरच माझं नाव लागंल. म्हणून मी तुला रोज बघायलेय, तू कुठं चुकतीस ते." मला राग आला. तेव्हापासून तिची नजर पाठीवर आहे असं मला सतत वाटायचं, जेवतानासुद्धा.

खांद्यावर हात पडत पडत शेवटी चढाईची एकच जागा उरली आणि तिच्यासाठी आम्ही दोघी. निवडीच्या आदल्या दिवशीच्या सराव सामन्यात मी बोनसचा गुण घेऊन परत फिरताना कोपऱ्यातल्या मुलीनं घोटा धरला आणि दुसरीनं अंगावर झेप घेतली. मी मॅटच्या बाहेर, उघड्या फरशीवर डोक्यावर आपटले. डोळ्यांपुढं पांढरं झालं. उठले, धूळ झटकली, हसले. "लागलं का?" सरांनी विचारलं. "नाही सर."

दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं ठणकत होतं. दात घासताना नळ एकाचे दोन दिसायला लागले. मी न्हाणीघराच्या मागं जाऊन ओकले. तोंड धुऊन वळले तर कमलताई उभी.

"कालपासून तू डाव्या पायावर झुकायलीस," ती म्हणाली. "आता ओकारी. मी सरांकडं जायलेय."

मी तिचा हात धरला. "ताई, पाया पडते तुझ्या. आजचा दिवस जाऊ दे. आज निवड आहे."

"आज हाय म्हणूनच जायलेय."

"तुला माझी जागा पाहिजे म्हणून!"

"व्हय, पायजे. जीव तोडून पायजे," ती म्हणाली. "पर तुझं डोकं फुटलंय, हे बी खरं हाय."

आणि ती गेली. सरांनी तिला काय म्हणावं? जे कुणीही म्हणालं असतं तेच. "कमल, ती तुझी प्रतिस्पर्धी आहे. हे बोलणं तुला शोभत नाही." मला बोलावून विचारलं. मी ताठ उभी राहून म्हणाले, "मला काहीही झालेलं नाही सर. ती मुद्दाम करते." हे बोलताना सरांचा चेहरा मला मधूनच पुसट दिसत होता.

"ठीक आहे," सर म्हणाले. "चढाई कर. बघू."

समोर सात जणी उभ्या राहिल्या. मी मध्यरेषेकडं निघाले. एवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि ती समोरच्या मुलींची नव्हती. पाय माझे असून माझे वाटत नव्हते. आत कुठंतरी मला कळत होतं की आता पडले तर उठणार नाही. तरी मी चालत होते, कारण थांबले तर बॅग भरावी लागणार होती.

तेवढ्यात कमलताई मॅटवर आली आणि मध्यरेषेवर, माझ्या वाटेत, मांडी घालून बसली.

"ऊठ," सर ओरडले.

"न्हाई."

"कमल, आत्ता उठली नाहीस तर तुझंही नाव कापीन."

तिनं दोन्ही हात मॅटवर दाबून धरले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कापा सर. लय भेलेय मी. पर ही पोरगी माझ्या अंगावरून पाय टाकून जाऊ दे, मी उठणार न्हाई."

मी तिला "सरक" म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी ओकारी आली. मॅट माझ्याकडं येताना दिसली. नंतर काही आठवत नाही.

मला परभणीहून नांदेडला हलवलं. डोक्याच्या कवटीखाली रक्त साचलं होतं. आई सांगते, शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टर म्हणाले, आणखी एक धक्का बसला असता तर इथपर्यंत आणायची वेळ आली नसती. मी शुद्धीवर आले तेव्हा केस नव्हते आणि बोटं नीट वळत नव्हती. कबड्डी संपली, हे मला कुणी सांगितलं नाही. सगळे माझ्याशी फारच मऊ बोलत होते, त्यावरून कळलं.

सरांनी कमलताईचं नाव कापलं नाही, जागा तिलाच मिळाली. पुढं लीग सुरू झाली तेव्हा मी मोबाईलवर सामने बघायची. ती बहुतेक वेळ बाकावर. एकदा तिला शेवटच्या मिनिटांत उतरवलं आणि मी मोबाईल उलटा ठेवून दिला. तिला काही होईल म्हणून, की ती गुण आणेल म्हणून, कोण जाणे. आई मात्र उघड बोलायची, "तिला पाहिजे ते मिळालं. आपल्या पोरीचं काय?"

पुढच्या हंगामात संघानं तिला ठेवलं नाही. नंतर नवऱ्याच्या कामासाठी ती दूर विदर्भातल्या एका धरणावर राहायला गेली, नंबर बदलला आणि आमचा संबंध तुटला. जाण्याआधी ती एकदाच पिंगळीला आली. पिशवीत सुकी मासळी होती. आईनं पाणी दिलं, पण बोलली नाही. मी कितीतरी महिने मनात घोळवलेला प्रश्न विचारून टाकला, "ताई, आपली स्पर्धा नसती, तरी तू सरांकडं गेली असतीस?"

तिनं लगेच "व्हय" म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. तिनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"स्पर्धा नसती तर मला दिसलंच नसतं गं," ती म्हणाली. "बाकीच्या पोरींना कुठं दिसलं? तुझी जागा पायजे होती, म्हणून मी तुझ्यावर नजर ठेवून होते. नजर होती, म्हणून दिसलं. त्यात माझं चांगलं किती अन् वाईट किती, ते मला आजून उमगलं न्हाई. तुला उमगलं तर सांग."

आई दारात उभी होती. ती आत गेली आणि थोड्या वेळानं ताट वाढून आणलं. दोन भाकरी, पिठलं, वर ठेचा. "जेवून जा," म्हणाली. "गाडीला वेळ आहे." कमलताई जेवली. आई तिच्यासमोर बसून राहिली आणि भाकरी संपायच्या आत दुसरी वाढत गेली.

तिला स्टेशनपर्यंत सोडायला मी निघाले. शस्त्रक्रियेनंतर मी घराबाहेर एकटी पडले नव्हते. रस्त्यात भोवळ येईल, पडेन, कुणाला कळणार नाही, या धास्तीनं मी नळावरसुद्धा आईला घेऊन जायची. आज कमलताई बरोबर होती, म्हणून पाय निघाले. ती तिच्या मुलीच्या शाळेचं बोलत होती, मी ऐकत होते. पॅसेंजर आली. ती चढली, खिडकीशी बसली, काही म्हणाली, पण गाडीच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही, नुसती मान हलवली.

गाडी गेली आणि फलाट मोकळा झाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की परत मला एकटीला जायचं आहे. फोन करून आईला बोलावता आलं असतं. फोन हातात होताच. मी कठड्याला धरून थोडा वेळ उभी राहिले. मग फोन ओढणीच्या गाठीत बांधला आणि रस्त्याच्या कडेनं, एकेका झाडापर्यंत जायचं असं ठरवत, घराकडं चालायला लागले.