दाढेचा एक कोपरा

फुटाणे खाताना माझ्या दाढेचा कोपरा तुटला. नवऱ्याने मला नांदेडातल्या सगळ्यात मोठ्या दाताच्या डॉक्टरकडे नेलं. मोठा अशासाठी, की त्याच्या दवाखान्यात भिंतीवरून पाणी वाहतं आणि रिसेप्शनवरच्या मुली मराठी माणसाशीही हिंदीतच बोलतात.

डॉक्टर माझ्या तोंडात जेमतेम डोकावला. "कॅप बसवू," म्हणाला, सुई टोचली आणि बायपासजवळच्या प्लॉटबद्दल फोनवर बोलत बसला. फोन संपल्यावर मी विचारलं, "कॅपसाठी दाढ किती घासणार?"

"चारी बाजूंनी. त्याशिवाय टोपी कशी बसंल?"

"पण तुटलाय तर एकच कोपरा."

तो हसला. अभ्यास न करता आलेली माझी कॉलेजातली पोरं तोंडी परीक्षेत असंच हसतात. "मॅडम, तुम्ही शिकवा. दात आम्ही बघतो."

बघत तर तो नव्हताच. मी उठले. अर्धा ओठ बधिर, हनुवटीवर लाळ. "अगं, लोक काय म्हणतील?" नवरा कुजबुजला. लोक म्हणजे रिसेप्शनवरच्या त्या दोन मुली.

पुढच्या आठवड्यात मी लातूरला मावसबहिणीकडे गेले. तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी दाढेचा फोटो काढून माझ्यासमोर धरला. "हे बघा, कोपरा गेलाय, बाकी दात ठणठणीत हाय. त्याला कशाला सोलायचं? तुटल्या जागेपुरता सिरॅमिकचा तुकडा करून चिकटवू. तडा खोल असता तर मीच कॅप लावा म्हणले असते."

"मग नांदेडात असं का नाही सांगितलं?"

"चिकटवताना दात कोरडा ठेवावा लागतो, घाई चालत न्हाई. कॅप लवकर उरकती," एवढंच त्या बोलल्या. दुसऱ्या डॉक्टरबद्दल वाकडा शब्द काढला नाही. तो सभ्यपणा माझ्याकडे नाही.

तुकडा तयार होऊन आला तेव्हा मी पुन्हा लातूरला गेले. दाढेभोवती रबराचा पडदा लावून त्यांनी तो सावकाश बसवला. जिभेला जोडही लागेना. आता मी त्या बाजूने सगळं खाते.

नवऱ्याने मात्र त्याच मोठ्या डॉक्टरकडून, केवळ पिवळे दिसतात म्हणून, पुढचे चांगले दात घासून घेऊन कॅपा बसवल्या. थंड पाणी प्यायलं की कळवळतो. पाहुण्यांसमोर मात्र बत्तिशी दाखवत हसतो आणि त्यांनाही त्याच डॉक्टरचा पत्ता देतो.