न ठोकता गेलेलं चिलखत

आमच्या दुकानातून ठोकल्याशिवाय काही बाहेर जात नसे. अमळनेरला बाजाराच्या मागच्या गल्लीत माझ्या वडिलांचं, आबांचं, पत्र्याचं दुकान होतं. धान्याच्या कोठ्या, पेट्या, चाळण्या, पन्हळी असा सगळा माल. गिऱ्हाईक न्यायला आलं की आबा ती वस्तू त्याच्यासमोर मांडायचे, लाकडी हातोडा उचलायचे आणि पूर्ण ताकदीने एकच घाव घालायचे. सांधा उकलला तर माल परत आत जायचा. नाही उकलला तर "पक्कं शे", पक्कं आहे, एवढंच म्हणायचे, आणि त्या दिवसापुरतं त्यांचं बोलणं जवळपास संपायचं. नव्याकोऱ्या कोठीला पोचा आला म्हणून कुणी गिऱ्हाईक तक्रार केल्याचं मला आठवत नाही. गावात आमच्या कोठ्या त्या पोच्यावरूनच ओळखू यायच्या.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची. टीव्हीवर दर रविवारी रथ आणि गदा दिसायला लागल्या होत्या आणि गावातल्या प्रत्येक पोराला आपण मागच्या जन्मी सेनापती असल्याचा साक्षात्कार झाला होता. आमच्या भागातल्या व्यायामशाळेने दर वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी मैदानात लढाई लावायला सुरुवात केली. जुन्या काळातल्यासारखी लढाई. किल्ल्यात असलेली बाजू आमची, वेढा घालणारी बाजू धुळ्याच्या एका आखाड्याची. ती पोरं सकाळच्या एस्टीने यायची. तलवारी सागाच्या, ढाली वेताच्या, पण मार खराखुरा. पहिल्या वर्षी सगळे बनियनवर लढले आणि एकाच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. मग व्यायामशाळा चालवणारे नाना आबांकडे आले आणि चिलखतं मागितली.

आबांनी तेलाचे रिकामे डबे कापून, ठोकून सपाट केले, छातीला आणि पाठीला बसतील असे वाकवले आणि वरून रुपेरी रंग मारला. दिसायला झकास. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन मात्र कुणी हिशोबात धरलं नव्हतं. मैदानाकडे निघालेली मिरवणूक अर्ध्या वाटेवर आली तोवर पत्रा तव्यासारखा तापला, डब्यात राहिलेलं तेल पाझरलं आणि आमची शूर सेना भज्यांचा वास सोडत मैदानात शिरली. दुकानात आबांच्या घावाला सांधे टिकले होते, पण इथे पहिल्याच घावाला पत्रा दुमडला आणि एकाला काखेत कापलं. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची होते, दुकानात आबांच्या बरोबरीने काम करायचे. मी पोट धरून हसले. आणि मग मला वाटलं, हे आपल्याला यापेक्षा चांगलं जमेल.

चिलखत कसं असतं ते मी पाहिलं होतं. शाळेच्या सहलीत धुळ्याच्या संग्रहालयात काचेच्या आड एक होतं, बारीक कड्यांचं. बाकीच्या पोरी पुढे गेल्या तरी मी काचेला नाक लावून उभी होते. एका कडीतून चार कड्या जातात हे मी तिथेच मोजून ठेवलं होतं. त्याचा कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

मी नानांना सांगितलं, "पत्र्याचं नको. मी कड्यांचं करून देते. पण ते घालून मी लढणार."

नाना हसले. "बरं बरं, करी तर देख आधी," म्हणाले. मी ते वचन समजले. ती माझी चूक. पोरीच्या बोलण्याला मोठी माणसं बरं बरं म्हणतात तेव्हा ती काहीच म्हणत नसतात, हे मला तोवर कळलेलं नव्हतं.

काम अकरा महिने चाललं. जस्ती तार करंगळीएवढ्या सळईवर गुंडाळायची, कातरीने कापून कड्या सुट्या करायच्या आणि दोन पकडी घेऊन एकेक कडी चार कड्यांत अडकवून मिटवायची. किती कड्या झाल्या ते मी मोजलं नाही. मोजलं असतं तर सोडून दिलं असतं. मापाला दुसरं कोणी नव्हतं म्हणून स्वतःच्याच अंगावर लावून बघायचे. माझी माय शेजारणींना सांगायची, "रुखवतात मांडायला विणतेय काहीतरी." चोपड्याकडचे पाहुणे मला बघायला आले तेव्हाही मांडीवर हेच होतं. मुलाच्या आत्याने कौतुकाने विचारलं, "काय विणतेस ग, क्रोशाचं का?" मी म्हटलं, "चिलखत." पोहे खाऊन ते लोक गेले ते गेलेच. माय दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं की याच्या आत काय घालणार, तार अंगाला टोचेल की.

तिच्या त्या प्रश्नामुळे पुढचं सगळं निभावलं. आम्ही दोघींनी कापूस भरून गोधडीसारखा जाड अंगरखा शिवला. त्याला मायने असे टाके घातले की कापूस एका जागी गोळा होऊ नये. घालायच्या आधी तो बादलीत बुडवायचा ही कल्पनाही तिचीच. शेतात भर उन्हात डोक्याला ओला पंचा बांधून तिने अर्धं आयुष्य काढलं होतं.

पुढा पुरा झाला तेव्हा मी तो सरकीच्या पोत्यावर चढवला आणि काठीने एक हाणली. कड्या उघडल्या आणि दुकानभर उडाल्या. नुसत्या मिटवलेल्या कड्या मार खात नाहीत, उमलतात. मी तिथेच फरशीवर बसून रडले. मला स्वतःचाच भयंकर राग आला होता. आबांनी नवसागराची डबी, कथील आणि डाग द्यायचं तापलेलं लोखंड माझ्यापुढे सरकवलं. म्हणजे आता कडी उघडू नये म्हणून प्रत्येक कडीच्या तोंडाला कथिलाचा डाग द्यायचा होता. प्रत्येक. मी दिला. बोटांची टोकं वर्षभर काळी होती.

आखाजीला आठ दिवस राहिले तेव्हा चिलखत पुरं झालं. बारा किलोचं, गुडघ्याच्या वीतभर वर येणारं. मी ते पोत्यावर चढवलं आणि आबांच्या हातात हातोडा दिला.

आबांनी हातोडा खाली ठेवला. "पोतंले ठोकीसन काय समजी? आंगवर जोयजे."

"अंगावरच पाहिजे? मग मी घालते."

"तुना आंगवर मी ठोकसू नही," ते म्हणाले आणि कोठीच्या झाकणाकडे वळले.

मी दिवसभर धुसफुसत राहिले. एवढं सगळं करून माझ्याच कामाला घाव नाही. दुकानातल्या चाळणीलाही मिळतो तो मान माझ्या चिलखताला नाही.

लढाईच्या दिवशी सकाळी नाना चार पोरं घेऊन आले. चिलखत उचललं आणि म्हणाले, सेनापती त्यांचा पुतण्या आहे, हे तोच घालणार. मी म्हटलं, ठरलं होतं ना? नाना आबांकडे बघून हसले. मी तिथे नव्हतेच जणू. "आबा, पोरीले समजाडा. तेथे हाड मोडतंस. उद्या हिनासंगे लगीन कोण करी?"

आबांनी हातातला पत्रा कापायला घेतला. चिलखत गेलं. न ठोकता आमच्या दुकानातून बाहेर गेलेली ती पहिली वस्तू. त्या सकाळी मला नानांपेक्षा आबांचा जास्त राग आला होता, हे खरं ते सांगते.

अंगरखा मात्र कोणी मागितला नाही. कोपऱ्यात पडलेली ती गोधडी चिलखताचाच भाग आहे हे त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. मीही सांगितलं नाही. का सांगू?

दुपारी मी तो बादलीत बुडवला, पिळला, सलवारीवर चढवला, वरून ओढणी गुंडाळली आणि मैदानाकडे निघाले. माय दारात उभी होती. तिने मागून ओढणी नीट केली, एवढंच.

मैदानाच्या कडेला निम्म्याहून जास्त बायका होत्या. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी, त्यांची पोरं, म्हाताऱ्या. मिरवणूक आली ती सेनापतीच्या किंकाळ्यांसकट. नानांच्या पुतण्याने चिलखत नुसत्या बनियनवर घातलं होतं. तासभर उन्हात चालून तार तापली होती आणि छातीवरचे केस कड्यांत अडकून दर पावलाला उपटले जात होते. त्यातून ते माझ्या मापाचं, त्याच्या खांद्यांना आवळ. चार जण त्याला चारी बाजूंनी ओढत होते आणि तो पैलवान गडी आईच्या नावाने ओरडत होता.

मी पुढे गेले. "वाक. हात जमिनीकडे सोड. आता अंग झटक." चिलखत सळसळत त्याच्या डोक्यावरून खाली आलं आणि मातीत पडलं. मी ओढणी सोडली, ते उचललं, हात वर केले आणि ते माझ्या अंगावरून सरळ खाली उतरलं. ओल्या कापसावर तापलेली तार टेकली आणि तिची धग तिथेच जिरली. मला गार वाटत होतं.

नाना धावत आले. "पोरी, हाई बायकास्ना खेळ नही!"

मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "नाना, उद्या आखाजी शे. नदीना दोन्ही काठवर बायका बार खेळतीस. बठ्ठ्या गोटा फेकतीस, डोकं फुटतंस, तवय कोणी आडवत नही. मंग आज कसाले आडवतस?"

आमच्या गावाकडे आखाजीला हा बार होतोच. दोन काठांच्या बायका एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात, गोटे मारतात आणि संध्याकाळी झोक्यावर गाणी म्हणतात. बायकांत हशा पिकला, मग टाळ्या. कोणीतरी म्हातारी ओरडली, "जाऊ दे रे तिले!" नाना बाजूला झाले. मी तलवार उचलली आणि आखलेल्या फक्कीच्या आत गेले.

समोर धुळ्याचा गडी होता, माझ्याच वयाचा, माझ्याहून हातभर उंच. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तलवार खाली केली. "ताई, नको," तो म्हणाला. "बाईमाणूसवर मी हात उचलाव नही."

"मग चिलखतावर उचल."

"नको ना ताई."

तो इतक्या अदबीने बोलला की पुरुषांच्या बाजूने हसू फुटलं. नानांच्या नकारापेक्षा ते हसू मला जास्त लागलं. मी त्याच्या ढालीवर दोन घाव घातले. त्याने ते नुसते झेलले, पोराचा हट्ट पुरवावा तसे. अकरा महिन्यांचं काम अंगावर घालून मी भर मैदानात उभी होते आणि मला कोणी मारत नव्हतं. दिवसभरात पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि आबा आत आले. दुकानातल्याच कपड्यांत, चपला न घालता. लढाई बघायला ते याआधी कधी आले नव्हते. ते धुळ्याच्या गड्यापाशी गेले, त्याच्या हातातून तलवार घेतली आणि माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. मी वळून बघणार होते.

"हालू नको," ते म्हणाले.

घाव उजव्या खांद्यावर बसला. माझे गुडघे वाकले, दात एकमेकांवर आपटले, डोळ्यांपुढे पांढरं झालं. पण मी उभी राहिले. कडी कडीवर घासल्याचा आवाज मला ऐकू आला. आबा पुढे आले, वाकून खांद्यावरच्या कड्या बोटाने एकेक करून तपासल्या. एकही उघडली नव्हती.

"पक्कं शे," ते म्हणाले. तलवार त्या गड्याच्या हातात परत दिली. "आते मार. मना घरनं काम शे."

त्याने मारलं. चांगलंच मारलं. मीही दोनदा त्याला लोळवलं आणि तिसऱ्यांदा त्याने मला आडवं पाडलं. किल्ला त्या वर्षी धुळेकरांनी घेतला. आबा तोवर थांबले नव्हते. एका पेटीचं गिऱ्हाईक यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी झोक्यावर उजवा हात वर जात नव्हता. मायने हळद लावली तेव्हा खांद्यावर तळहाताएवढा काळानिळा वळ दिसला. तिने तो पाहिला आणि आबांना काय काय बोलली ते इथे लिहीत नाही. आबा ऐकत राहिले. मला तिला थांबवावंसं वाटलं, कारण मला एक गोष्ट कळली होती. आबांना हळू मारता आलं असतं. एवढ्या गर्दीत ते कुणाला कळलंही नसतं.

चिलखत आता पिंप्राळ्याच्या माझ्या घरी आहे, आबांनीच केलेल्या पेटीत. दर वर्षी आखाजीच्या सुमारास मी ते काढते, तेलाचा हात देते आणि परत ठेवते. उजव्या खांद्यावरच्या पाच कड्या चपट्या झालेल्या आहेत. त्या सरळ करायला पकडीचे दोन दाब पुरतील. मी केलेल्या नाहीत.