पावाच्या कडा

कंपाउंडर आयुष्यभर औषधाच्या पुड्या बांधत आले. दवाखान्यात डॉक्टर बदलत गेले, कंपाउंडर तेच राहिले, आणि निवृत्त झाल्यावरही कुणी त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. बोलणं कमी, हात मात्र नेटका. त्यांनी बांधलेली पुडी सोडायला लोकांच्या जिवावर यायचं.

बायकोला शेवटच्या आजारात पावाची कड चावत नसे. कंपाउंडर रोज सकाळी पावाच्या चारी कडा कापायचे आणि मऊ गाभा दुधात बुडवून तिला भरवायचे. ती गेली, पण हातांना ते कुणी सांगितलं नाही. पाव समोर आला की सुरी आपोआप कडांवरून फिरायची. त्या कडा त्यांना टाकवत नव्हत्या आणि खाववतही नव्हत्या, म्हणून ते त्यांची कागदात पुडी बांधून ठेवायचे. घर तर खायलाच उठलं होतं.

शेवटी मुलीने त्यांना हाताला धरून गावाबाहेरच्या माळावर स्वयंसेवकांत नेऊन सोडलं. त्या माळावर झुडपं माजली की गवतातली बारीक फुलं गुदमरून जातात, आणि यंत्र फिरवलं तर झुडपांबरोबर फुलंही कापली जातात. म्हणून तिथे मुद्दाम गुरं सोडलेली. ती काटेरी पाला ओरबाडून खातात आणि माळ मोकळा राहतो. स्वयंसेवकांनी पाळीपाळीने जाऊन गुरं मोजायची, कुणी लंगडतंय का, टाकीत पाणी आहे का, कुंपणाची तार शाबूत आहे का, एवढं बघायचं. पाळ्या लावणाऱ्या ताई शाळेतून रिटायर झालेल्या. नियम एकदाच सांगायच्या, पण जन्माचा लक्षात राहील असा.

"हाताने काही खायला घालायचं नाही. एकदा चटावली की फाटकाशी ठाण मांडतात. मग झुडपं कोण खाणार, तुम्ही?"

कंपाउंडरांनी मान डोलावली, आणि ती अगदी मनापासून डोलावली होती. पण कळपात एक म्हातारी गाय होती. एक शिंग खाली वळलेलं, म्हणून तिचं नाव वाकडी. बाकीच्या गाई तिला पाण्यावरून ढुशा देऊन मागे सारायच्या. एका सकाळी कंपाउंडरांच्या खिशात कडांची पुडी तशीच राहिली होती. कागद वाजला, वाकडीने मान वर केली आणि सरळ त्यांच्याकडे बघितलं. एकट्या माणसाला एवढंही पुरतं.

मग ते रोजचंच झालं. कंपाउंडर इतरांच्या पाळ्याही मागून घेऊ लागले. "दिवसातून एकदाच, बरं का," असं ते वाकडीला पथ्य सांगितल्यासारखं बजावायचे. तिच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत बायकोबद्दल बोलायचे, मुलीला फोनवर सांगता न येणारं सगळं. वाकडी ऐकून घ्यायची आणि खरखरीत जिभेने तळहात साफ करायची. कंपाउंडर पुन्हा रोज दाढी करू लागले.

वाकडी झुडपांकडे जाईनाशी झाली. कंपाउंडरांना वाटलं, आपली वाट बघते बिचारी. बघत होतीच. पण कागद कुणाच्याही हातात वाजला तरी तिला सारखाच. एका दुपारी माळावर फिरायला आलेल्या आजीबाईंनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला. वाकडी लगबगीने आली, पिशवीत तोंड घातलं, आणि आजी कोसळल्या. मनगट मोडलं. गाईच्या पोटात पाप नव्हतं, पण मोडक्या मनगटाला ते काय सांगणार? वाकडीला माळावरून काढायचं ठरलं.

कंपाउंडर ताईंच्या घरी गेले आणि चपला काढायच्या आतच बोलले. "मीच द्यायचो. पावाच्या कडा. मला काढा, तिला राहू द्या."

"तुम्हाला काढून तिची सवय जाणार आहे का?"

"मग माझ्या घरी नेतो."

"दुसऱ्या मजल्यावर?"

कंपाउंडरांनी आता चपला काढल्या. मग म्हणाले, "जाणार कुठे ती?"

"बाजारात. म्हातारी आहे, दूध नाही. पुढचं मला विचारू नका." ताईंनी पदराने चष्मा पुसला, तो पुसतच राहिल्या. "मला माहीत होतं हो. तुमचा खिसा वाजायचा. वहिनी गेल्यानंतर पहिल्यांदा तुम्हाला हसताना बघितलं, म्हटलं, करू कानाडोळा. तेव्हाच रागावले असते, तर गाय राहिली असती."

ट्रक आला त्या सकाळी वाकडी फळीवर पाय ठेवीना. ड्रायव्हरने दोर ओढला, शेपूट पिरगाळली, तरी ती जागची हलेना. तो घामाघूम होऊन म्हणाला, "काका, तुमचं ऐकते म्हणे ही. बघा ना जरा."

कंपाउंडरांनी निरोपाची म्हणून आणलेली पुडी खिशातून काढली. कागद वाजला, आणि वाकडी त्यांच्या मागोमाग निमूट फळी चढून आत गेली. त्यांनी तिला एकेक कड भरवली, होता होईल तेवढी सावकाश. "आज सगळ्या तुझ्याच," ते म्हणाले. मग खाली उतरले. ड्रायव्हरने फळी लावून कडी घातली.

सवयीने त्यांनी रिकाम्या कागदाची घडी घालायला घेतली. तो वाजला आणि फळीच्या आडून वाकडी हंबरली. कंपाउंडरांनी कागद मुठीत घट्ट आवळला, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत मूठ उघडली नाही.