श्वसनाचा धडा आणि आमचा स्टाफ

मी देवासच्या एका शाळेत सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवतेय. विद्यार्थ्यांची नावं विसरते, चेहरे विसरते. एकदा तर शाळेत भेटलेल्या सख्ख्या भाच्याला विचारलं, "बेटा, कौन-सी क्लास?" पण श्वसनाच्या धड्याला कोण काय बोललं, त्यातलं अक्षर विसरत नाही. हृदयाच्या धड्याला पोरं गप्प असतात, पचनाच्या धड्याला लाजतात. श्वसनाला मात्र सगळेच एक्सपर्ट! जन्मल्यापासून प्रॅक्टिस चाललेली ना. त्यामुळे दरवर्षी दोन-तीन किस्से वाढतातच. आमच्याकडे पाहुणे आले की नवरा आधीच चहाचं मोठं पातेलं चढवतो. त्याला माहीत असतं, ही आता उठणार नाही.

*

शाळा हिंदी माध्यमाची. म्हणजे फळ्यावर हिंदी, पोरांच्या तोंडी माळवी आणि माझ्या डोक्यात मराठी. सातवीला गांडूळ शिकवत होते. गांडुळाला नाक नाही, फुप्फुसं नाहीत. ओल्या कातडीतूनच ऑक्सिजन आत जातो, तिथूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. चार दिवसांच्या सर्दीनं बेजार झालेली. "मॅडम, केंचुए को जुकाम हो जाए तो नाक किधर से बहेगी?"

मी म्हटलं, "अगं, नाकच नाही, तर वाहणार काय?"

ती रुमाल नाकाला लावून शेजारणीला म्हणाली, "अगले जनम में केंचुआ!"

*

आमच्या लॅबचा कारभार कैलास भियांकडे; भिया म्हणजे माळव्यातला भैया. माणूस अतिशय सज्जन आणि अतिशय आदबशीर. ही आदबच एकदा नडली.

प्राचार्या मॅडम वर्ग बघायला आल्या होत्या. प्रयोग साधा. चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकायचं. आपल्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं निवळी दुधाळ होते. पोरांनी फुंकलं, सगळ्यांच्या परीक्षानळ्या पांढऱ्या झाल्या. मॅडमना हुरूप आला. कैलास भियांनी लगबगीनं एक स्वच्छ नळी भरून दिली.

मॅडमनी फुंकलं. काही नाही. पुन्हा फुंकलं. गाल लाल झाले, चष्मा खाली घसरला, पण पाणी जसंच्या तसं!

"याचा अर्थ काय, वैद्य मॅडम? मी श्वास सोडतच नाही?"

मी काही बोलायच्या आत दारातून आमचे फिजिक्सचे मुळे सर म्हणाले, "मॅडम, स्टाफ मीटिंगमध्ये तुम्ही आम्हालाही कुठे सोडू देता!"

मॅडम गेल्यावर मी कैलास भियांना बाजूला घेतलं. ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, प्रिन्सिपल हैं, मुँह लगातीं... चूना कैसे दे देता? मैंने फिल्टर का पानी भर दिया!"

*

मुळे सर धारचे. त्यांचे पणजोबा दरबारी कारकून होते आणि सरांचं मराठी अजून तिथेच नोकरीला आहे. ऑक्सिजनला 'प्राणवायू' म्हणतील, उशिरा येणाऱ्याला 'विलंबे आलात' म्हणतील. कानापासून जबड्यापर्यंत भरघोस कल्ले राखायचे, तेही बहुधा वारशानंच आलेले.

दोन वर्षांपूर्वी केमिस्ट्री शिकवायला केतकी नावाची नवी मुलगी लागली. मराठी घरातली, पण सगळं शिक्षण हिंदीत. मराठी बोलते, वाचताना अडखळते. सरांनी तिचं मराठी सुधारायचा विडा उचलला. स्टाफरूममध्ये डबे उघडले की शिकवणी सुरू.

एके दिवशी सर म्हणाले, "मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांतून त्याच्या रक्तात जातो."

केतकीला कल्ले हा शब्द एकाच अर्थानं माहीत होता. ती सरांच्या गालांकडे टक लावून बघत राहिली. घास हातातच.

"सर... म्हणजे तुम्हाला तैरता येत असेल ना?"

"नाही बुवा. का?"

"वाया गेले की मग!"

दुसऱ्या दिवशी सर गुळगुळीत गालांनी शाळेत आले. शिकवणी त्या आठवड्यात झाली नाही.

*

नववीची सहल नेमावरला नेली होती. नर्मदेच्या काठी एक कोळीण मासे विकत बसलेली. मला वाटलं, खरा कल्ला दाखवायची याहून चांगली संधी कुठली! तिला विनंती केली. तिनं बिचारीनं मोठा मासा उचलला, गालाजवळचं झाकण वर केलं आणि आतला लालभडक कल्ला सगळ्यांना दाखवला. मी रक्तवाहिन्या, पाण्याचा प्रवाह, वायूंची देवाणघेवाण असं पंधरा मिनिटं बोलले. ती मध्ये एकच वाक्य बोलली, "लाल हो तो लेना, काला पड़ गया तो मत लेना."

परीक्षेत मी प्रश्न घातला: माशाच्या कल्ल्याचं कार्य लिहा. बेचाळीस पोरांपैकी एकोणतीस जणांनी लिहिलं, 'ग्राहक को बताना कि मछली ताज़ी है.'

अर्धा अर्धा मार्क दिला. चूक कुठे होती, तुम्हीच सांगा!

*

मुळे सर रोज सकाळी प्राणायाम करतात आणि उरलेला दिवस त्याबद्दल बोलतात. "श्वास नाकानंच घ्यावा. नाकात हवा गाळली जाते, ऊबदार होते, मग फुप्फुसांत जाते. तोंडानं श्वास घेणं हे गावंढळपणाचं लक्षण!"

नवरात्राच्या आधी सगळा स्टाफ टेकडीवर माताजीच्या दर्शनाला निघाला. रोपवे आहे, पण सर म्हणाले, "छे, पायऱ्या!" पहिल्या वळणापर्यंत प्राणायाम समजावला. दुसऱ्या वळणावर देवासचा देखावा बघायला थांबले. तिसऱ्यावर पुन्हा देखावा. चौथ्यावर तर भिंत होती, तीही बघितली.

वर पोचल्यावर मी विचारलं, "सर, नाकानं की तोंडानं?"

खांबाला धरून उभे होते. एक हात वर केला, थांबा म्हणाले. मग म्हणाले, "जिथून... मिळेल... तिथून!"

*

आता हा शेवटचा.

मांडूला सहल चाललेली. कैलास भियांचं गावाकडचं घर वाटेतच, नालछ्याला. "चाय पीके जाना पड़ेगा" म्हणून त्यांनी बस थांबवली. पोरं बसजवळ खेळत राहिली, मी आणि मुळे सर आत गेलो, तर अंगणात त्यांची म्हातारी आई म्हशीपाशी बसलेली. म्हैस व्यायला लागली होती. चहाचं कुणी नाव काढलं नाही.

थोड्या वेळात रेडकू बाहेर आलं आणि तसंच पडून राहिलं. हलेना. पोट वर-खाली होईना. म्हैस मान वळवून हुंगत होती. कैलास भियांचा चेहरा उतरला. घरचं दूध या एका म्हशीवर.

मी एम.एस्सी. झूलॉजी. मला सगळं ठाऊक होतं. आईच्या पोटात फुप्फुसं द्रवानं भरलेली असतात, ऑक्सिजन नाळेतून येतो, नाळ तुटली की पहिला श्वास ज्याचा त्यानं घ्यायचा. इतकं सगळं पाठ, आणि करायचं काय ते काहीच माहीत नाही! मी आपली पदर तोंडावर गच्च दाबून उभी.

म्हातारीनं रेडकाच्या तोंडात बोटं घालून चिकटा ओढून काढला. नाकपुड्या पुसल्या. मागचे पाय कैलास भियांच्या हातात दिले, "ऊँचो कर!" नाकातोंडातून पाणी गळालं. खाली ठेवून गोणपाटानं बरगड्या खसाखसा चोळल्या. काही नाही. मग तिनं जमिनीवरची गवताची एक काडी उचलली आणि रेडकाच्या नाकात घालून फिरवली.

मुळे सर पुटपुटत होते, "घे रे बाळा, घे."

तिनं पुन्हा काडी फिरवली.

रेडकू शिंकलं! बरगड्या एकदा हलल्या, थांबल्या, पुन्हा हलल्या, आणि मग ओल्या कानांसकट सगळं अंग थरथरायला लागलं. म्हैस चाटायला लागली.

म्हातारीनं लुगड्याला हात पुसले. माझ्याकडे बघत लेकाला विचारलं, "या बई स्कूल में कईं पढ़ावे?"

"सांस केसे लेवे, वो पढ़ावे, माँ."

म्हातारीनं मला पायापासून तोंडावर अजून गच्च दाबलेल्या पदरापर्यंत न्याहाळलं.

"तो पेले इनसे बोल, खुद तो सांस ले ले!"