डब्ल्यू दाबलं की बॉम्ब

किस्से जमवावे लागत नाहीत. एका जागी रोज जाऊन बसलं की ते पंख्यावरच्या धुळीसारखे आपोआप साचतात. आम्ही तिघं धाराशिवात बस स्टँडच्या मागं मुनीरभाईंच्या गेमिंग कॅफेत दोन वर्षं बसलो. बाकीचे लोक किस्से हसत सांगतात. मी सांगताना तापतो. आणि मी तापलो की ऐकणारे जास्तच हसतात, ह्याचा मला आणखी संताप येतो!

तिघं म्हणजे एक मी, पवन. बीएस्सी कॉम्प्युटर, आणि जगात काय काय चुकलंय ह्याची यादी कायम तयार. दुसरी शुभांगी, माझ्याच वर्गातली. बोलणं कमी, नेम पक्का. तिसरा बालाजी, बेंबळीचा. त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कडबा कुट्टीच्या यंत्रात गेलं. त्याआधी तो गावच्या कबड्डी संघात होता. जखम भरल्यावर मैदानावर गेला, तर कॅप्टननं त्याच्या हातात वही-पेन दिलं. "बाल्या, तू आता स्कोर लिही."

हे बालाजीनं मला हसत हसत सांगितलं. मी त्या कॅप्टनला फोन लावायला उठलो.

"बसा नेते," बालाजी म्हणाला. "बोटं माझी गेल्यात. तुम्ही कशाला वरडायलाव?"

*

आम्ही खेळायचो ते बंदुकीचे गेम. पडद्यावर आपला माणूस दिसत नाही, फक्त त्याच्या हातातली बंदूक दिसते; आपणच तिथं उभे आहोत असं समजायचं. उजवा हात माउसवर, नेम धरायला. डावा कीबोर्डवर, चालायला. डब्ल्यूनं पुढं, एसनं मागं, एनं डावीकडं, डीनं उजवीकडं. पळायला आणि खाली बसायला करंगळी.

आता ज्याला करंगळीच नाही त्यानं काय करायचं?

तर गेममध्ये सेटिंग असतं. कुठलं काम कुठल्या बटणावर, हे आपलं आपण ठरवता येतं. बालाजीनं ठरवलं. पुढं चालणं माउसच्या उजव्या बटणावर. डावीकडं डी, उजवीकडं एफ. उडी आणि बसणं, दोन्ही अंगठ्यानं. बॉम्ब क्वचितच लागतो, म्हणून तो लांब, डब्ल्यूवर. सगळी बटणं त्यानं वहीच्या कागदावर लिहिली आणि तो कागद शर्टाच्या खिशात ठेवला.

कारण कॅफेत पाटी होती: "सेटिंग बदलू नये. हुकुमावरून." मुनीरभाईंनी असं काही करून ठेवलं होतं की कॉम्प्युटर बंद करून चालू केला की सगळं पहिल्यासारखं. मग बालाजीनं रोज यायचं, कागद काढायचा आणि एकेक बटण पुन्हा लावत बसायचं. तासाचे पैसे भरून!

मी विचारलं, "मुनीरभाई, हा हुकूम कुणाचा?"

"मेरा."

"मग तुमचं नाव लिहा ना खाली."

"नाम लिखे तो कोई डरता नै!"

*

शुभांगीची तऱ्हा वेगळी. ती टायपिंगची परीक्षा पास. एफच्या बटणावर बारीकसा उंचवटा असतो, पहिलं बोट तिथं ठेवायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं. त्यामुळं तिनं सगळी चालायची बटणं एक घर उजवीकडं सरकवली. बोटं आपोआप जागेवर.

एकदा ती खेळत असताना शेजारच्या खुर्चीवरचा एक जण सारखा वाकून बघत होता. त्याला राहवेना.

"मॅडम, तुमची बोटं चुकीच्या बटणांवर हायत. मी दाखवू का?"

"तुमचा गेम चालू आहे ना?"

"न्हाय, माझा माणूस मेला आत्ताच."

"कुणी मारला?"

त्यानं स्वतःच्या पडद्यावरचं नाव वाचलं. मग खुर्ची सरळ केली आणि निघेपर्यंत तो आमच्याकडं वळला नाही.

*

हा किस्सा कॅफेतला नाही, पण मला गप्प बसवत नाही. बालाजीला कुठल्याशा अर्जासाठी बोटांचे ठसे द्यायचे होते. मी सोबत गेलो. केंद्रावरचा माणूस पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "डाव्या हाताची चार बोटं ठेवा."

बालाजीनं दोन ठेवली.

"चार."

"दोनच हायत, साहेब."

"मशीन चार मागतंय."

"पण माझ्याकडं न्हायत की."

"मग मी काय करू? मशीन घेत नाही तर नाही. उद्या या."

उद्या! उद्या काय उगवणार होती का? मी तोंड उघडलं आणि नागरिकाच्या हक्कांपासून सुरुवात केली. रांगेतले लोक माझ्यावरच चिडले. तेवढ्यात बालाजी काउंटरवरून वाकला आणि पडद्याच्या कोपऱ्यात बोट दाखवून म्हणाला, "साहेब, तिथं दाबा जरा."

साहेबांनी दाबलं. यादी उघडली. 'बोट नाही' असा पर्याय त्यात सरळ लिहिलेला होता.

साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "हे आधी सांगायचं ना! उगं आरडाओरड कशाला?"

*

एके दुपारी कॅफेत बालाजीचे वडील आले. अण्णा. तहसीलमध्ये काम होतं, म्हटले पोरगं काय करतंय ते बघून जावं. बालाजी कागद बघून बटणं लावत होता. अण्णा मागं उभं राहून ते बराच वेळ बघत राहिले. मग पाटी वाचली.

"मुनीरभाई, ही पाटी कशापायी?"

"सबको सारखा पायजे ना, अण्णा. एकानं बदललं तो दुसरे को तरास."

अण्णा म्हणाले, "आमच्यात खुरप्याची मूठबी ज्याच्या त्याच्या हाताची असती. मालकिणीचं खुरपं मला चालत न्हाय, माझं तिला चालत न्हाय. अन् तुमची एवढाली मशिनी, समदी एकाच मुठीची व्हय?"

मुनीरभाईंनी अण्णांसाठी चहा सांगितला. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर चार नंबरच्या कॉम्प्युटरवर बालाजीची सगळी बटणं तशीच होती! आता ती पुसली जाणार नव्हती.

मी वर्षभर मुनीरभाईंशी वाद घातला होता. मुद्देसूद! समता म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं. आणि अण्णांनी एका खुरप्यात काम केलं. आनंद झालाच, पण मग माझं ऐकायला काय झालं होतं?

*

पुढं उमरग्याहून पेपर द्यायला आलेला एक जण, बस सुटायला वेळ आहे म्हणून कॅफेत शिरला आणि नेमका चार नंबरवर बसला. गेम सुरू झाला. पुढं जायला त्यानं डब्ल्यू दाबलं.

बॉम्ब सुटला, समोरच्या भिंतीला आपटला, परत ह्याच्या पायाशी आला. खेळ खलास.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा डब्ल्यू. पुन्हा बॉम्ब. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही, पण त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला. शेवटी तो उठून काउंटरवर गेला.

"मालक, तुमच्या त्या कॉम्प्युटरमधी भूत हाय."

मुनीरभाई मान वर न करता म्हणाले, "भूत नै रे, बालाजी है!"

*

आणि आता तो गॅदरिंगचा किस्सा.

एका कॉलेजात गेमची स्पर्धा ठेवली होती. तिघांची टीम. बालाजीनं नाव दिलं तेव्हा फॉर्मवर 'खेळाडू' ह्या शब्दापुढं स्वतःचं नाव लिहून तो थोडा वेळ बघत बसला होता. पहिल्या दोन मॅच आम्ही जिंकलो. प्रत्येक मॅचआधी बालाजी खिशातला कागद काढायचा, बटणं लावायचा. फायनलला समोर होता रोहन आणि त्याची टीम. रोहननं बॅगेतून स्वतःचा रंगीत दिवे लागणारा कीबोर्ड काढला, जोडला आणि मग हात वर केला.

"सर, ह्यांनी बटणं बदलल्यात. हे चीटिंग आहे."

जिमखान्याचे सर आले. त्यांनी नियमांचा कागद काढला. "सर्व खेळाडूंना समान सेटिंग. स्पष्ट लिहिलंय. बदला."

बालाजीनं हात दाखवला. सरांनी तो बघितला, आणि बघून नजर कागदावर नेली.

"मला वाईट वाटतं रे. पण नियम म्हणजे नियम."

रोहन म्हणाला, "भाऊ, बटणंच तर आहेत. दोन मिनिटांत सवय होते."

मी उभा राहिलो. एकच माप सगळ्यांना लावणं ही समानता नव्हे, असं मी बोलायला सुरुवात केली. चांगली पाच मिनिटं बोललो. सर शांतपणे म्हणाले, "भाषण स्पर्धा उद्या आहे."

सगळा हॉल हसला! मी खाली बसलो. मग सर बालाजीच्या खांद्यावर हात ठेवून मायेनं म्हणाले, "असं कर बाळा, तुझ्या जागी दुसरा कुणी खेळू दे. तू स्कोर लिही."

त्यांनी टेबलावरची वही त्याच्यापुढं सरकवली.

बालाजी त्या वहीकडं बघत राहिला. मग त्यानं ती वही उचलली, नीट बंद केली आणि सरांना परत दिली.

"सर, सगळ्यांना सारखं पायजे ना?"

"हो."

"मग सगळ्यांना माझं लावा."

सरांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. समान असावं असं लिहिलं होतं. कुणाच्या समान, ते लिहिलंच नव्हतं. आमची मॅच बघायला आलेले मुनीरभाई मागच्या रांगेतून ओरडले, "बराबर है! सारखं म्हंजे सारखं!" पोरांनी बाकं बडवली.

रोहन म्हणाला, "सर, असं कसं?"

सर त्याच्याकडं वळले. "तूच म्हणालास ना, दोन मिनिटांत सवय होते? घे दोन मिनिटं."

बालाजीचा कागद सहाही कॉम्प्युटरवर फिरला. सगळी बटणं लावून झाली. दोन मिनिटं झाली. सरांनी शिट्टी वाजवली.

पहिल्याच क्षणी चार बॉम्ब एकदम फुटले. शुभांगी सवयीनं डब्ल्यूच्या शेजारचं ई दाबत जागच्या जागी उभी; रोहनच्या टीमचे तीन, आणि चौथा माझा. हो, माझा! दोन वर्षं शेजारी बसून मी ती बटणं नुसती बघितली होती.

धूर विरला तेव्हा पडद्यावर एकटा बालाजी चालत होता. निवांत. मॅच सगळी तशीच गेली. रोहन भिंतीला धडकत होता, बसायचं तिथं उड्या मारत होता, उड्या मारायच्या तिथं जमिनीकडं बघत होता. मॅच संपली तरी त्याची बोटं कीबोर्डवर तशीच वेडीवाकडी अडकलेली होती.

बऱ्याच वेळानं त्यानं मान वळवली आणि हळू आवाजात विचारलं, "भाऊ, ह्यात नुसतं सरळ चालायला तरी किती दिवस लागतात?"

बालाजी कागदाची घडी घालत होता. ती खिशात ठेवत म्हणाला, "मला सहा महिने लागले."