दबक्या आवाजाचे काका

आमच्या समोर राहणारे काका नेव्हीतून रिटायर झालेले, अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीवरचे. खोल पाण्यात शत्रूला चाहूल लागू नये म्हणून तिथे सगळे दबकून वावरत. कात्रजला येऊनही काकांची ती सवय सुटली नाही. चहासुद्धा ढवळायचे तो चमचा कपाला लागू न देता. मला आधी ते सोंगच वाटायचं.

रोज संध्याकाळी ते माझ्या वडिलांशी गप्पा मारायला येत. आप्पांना ऐकू कमी येतं. ते नुसती मान डोलवत.

परवा काका दारातच थांबले आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असे ओरडले, "आप्पा, आमची बोट मोडीत काढली हो!"

आप्पांनी हात धरून त्यांना शेजारी बसवलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "ऐकू येतंय मला."