फेअरली रिलायबल सुनंदाताई

“हा इंदापूरकडचा कूलर बंद करा,” पुण्याचे साहेब फोनवर म्हणाले. “तुमच्याच सुपरवायझरनं रिपोर्टमध्ये लिहिलंय, फेअरली रिलायबल. म्हणजे भरवसा बेताचाच. कुठली केंद्रं ठेवायची, कुठली बंद करायची, ती यादी संध्याकाळपर्यंत फायनल करा.”

बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत मी क्वालिटी बघते. बल्क कूलर म्हणजे गावचं दूध थंड ठेवायची मोठी टाकी. लाइट गेली आणि जनरेटर वेळेवर लावला नाही, तर सगळं दूध नासतं. म्हणून कूलर चालवणारं माणूस भरवशाचं लागतं. हा कूलर सुनंदा कांबळे चालवायच्या. त्यांच्याकडून खराब दूध आल्याचं मला तरी आठवत नव्हतं, आणि आता त्यांचं काम जाणार होतं.

रिपोर्ट लिहिणारे बबनतात्या आमचे जुने सुपरवायझर, मोटरसायकलवरून कूलरची केंद्रं फिरणारे. त्यांचा फोन लागेना. लागला तेव्हा ते हायवेवर होते, ट्रकच्या आवाजात एक शब्द कळेना. त्यांना गाडी बाजूला घ्यायला लावली आणि विचारलं, सुनंदाताईंबद्दल तक्रार काय आहे?

“कसली तक्रार? आभाळ भरलं की जनरेटरपाशी जाऊन उभी ऱ्हाती ती बाई.”

“मग फेअरली कशाला लिहिलंत?”

“मॅडम, आपल्यात कुणी तोंडभरून वाखाणतं व्हय? तशी बरी हाय, म्हणायचं. लई चांगली लिवलं तर वरचे म्हणणार, तात्याची पाव्हणी दिसतीय.”

खोटं नव्हतं. आमच्याकडं सून कितीही गुणाची असली तरी सासू ‘बरी आहे’ एवढंच म्हणते. तात्यांनी तीच रीत इंग्रजीत नेली. पुण्यात मात्र फेअरली, मोस्टली, जनरली म्हणजे दुधात घातलेलं पाणी.

फोन चालू ठेवूनच यादी पुन्हा बघितली. एका केंद्रापुढं तात्यांनी ‘अ‍ॅब्सोल्यूटली रिलायबल’ लिहिलं होतं. साहेबांनी ते सगळ्यात आधी राखलं होतं. हे केंद्र कसं काय, मी तात्यांना विचारलं.

“त्ये पुढाऱ्याच्या भाच्याचं हाय. तितं तसंच लिवावं लागतं.”

साहेबांना सगळं सांगितलं. ते वैतागले. सुनंदाबाईंपुढं ‘एक्स्ट्रीमली’ लिहा आणि विषय संपवा, म्हणाले. मी ऐकलं नाही. विशेषण काढून टाकलं, लाइट गेल्यावर बाई काय करतात ते साध्या वाक्यात लिहिलं, आणि यादी तशीच पाठवून भाच्याच्या केंद्रावर न सांगता गेले. लाइट गेलेली, टाकी कोमट होती. जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं.

सुनंदाताईंचा कूलर राहिला, भाच्याचा गेला. आता रिपोर्टमध्ये फेअरली दिसलं की मी निवांत चहा घेते. अ‍ॅब्सोल्यूटली दिसलं की गाडी काढते.